हंगामी डिलिव्हरी आणि शिकणारे तरुण

गणेशोत्सव आटोपल्यापासून दिवाळीपर्यंत ऑनलाइन खरेदीला उधाण येते आणि पुण्यासारख्या शहरात पार्सले घरोघर पोहोचवण्यासाठी जादा माणसांची निकड भासते. या कामाकडे महाविद्यालयीन विद्यार्थीही वळतात, कारण दुचाकी, वाहन परवाना आणि स्मार्टफोन एवढ्या भांडवलावर ते मिळते आणि त्यातून खोलीभाडे व मेसच्या पैशांची तोंडमिळवणी होते.

शिकता शिकता कमावणे महाराष्ट्राला नवे नाही. 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी शिक्षणाला श्रमाची जोड दिली आणि ‘कमवा व शिका’ ही योजना पुढे विद्यापीठांतही रुजली. त्या योजनेत शिकवणारी संस्थाच काम देत असल्याने अभ्यासाचा वेळ आणि विद्यार्थ्याची सुरक्षितता यांची जबाबदारी तिच्यावर येते. हंगामी डिलिव्हरीत मात्र ही जबाबदारी नेमकी कोणाची, हे अनेकदा स्पष्ट नसते.

येथे मोबदला बहुधा नगावर, म्हणजे पोहोचलेल्या प्रत्येक पार्सलमागे मिळतो. सकाळी हबवर, म्हणजे मालाची भागवार वाटणी होते त्या गोदामात, पार्सले स्कॅन करून पिशवीत भरायची, ‘मारुतीच्या देवळामागे’ एवढ्या खुणेवरून घर शोधायचे, सोसायटीच्या फाटकावर वहीत नोंद करायची आणि ओटीपी, म्हणजे ग्राहकाच्या फोनवर येणारा पडताळणीचा आकडा, मिळेपर्यंत दारात थांबायचे, असा हा क्रम असतो. घराला कुलूप असले तर पार्सल परत न्यावे लागते आणि त्यात गेलेला वेळ व पेट्रोल यांचा भुर्दंड विद्यार्थ्यालाच सोसावा लागतो. शिवाय खासगी दुचाकीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत मोबदल्यासाठीची मालवाहतूक धरलेली नसल्याने, अपघात झाल्यास नुकसानभरपाई नाकारली जाण्याचा धोका राहतो.

सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 या केंद्रीय कायद्याने ‘गिग कामगार’ या वर्गाला, म्हणजे मालक-नोकर या पारंपरिक नात्याबाहेर काम करून कमावणाऱ्यांना, प्रथमच मान्यता दिली आणि ॲपचालक कंपन्यांनी त्यांच्या कल्याणनिधीला वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम द्यावी, अशी तरतूद केली. परंतु या संहितेखालील केंद्राच्या नियमांच्या मसुद्यात लाभासाठी एका कंपनीकडे वर्षात किमान 90 दिवस काम केलेले असण्याची अट आहे आणि महिना-दीड महिना राबणारा विद्यार्थी तिच्यात बसत नाही.

म्हणून अपघातविम्याचे संरक्षण कामाच्या पहिल्या दिवसापासून मिळावे, कामाच्या अटी लेखी असाव्यात आणि फुकट गेलेल्या फेरीचाही मोबदला ठरावा, अशी व्यवस्था होणे न्याय्य ठरेल. हा हंगाम आणि सत्र परीक्षा बहुधा लागूनच येत असल्याने महाविद्यालयांनीही अशा विद्यार्थ्यांची नोंद ठेवून त्यांना विमा व कायद्याची माहिती द्यावी. शिक्षणासाठी घाम गाळणाऱ्या तरुणाचा समाज गौरव करतो; त्याच्या कष्टांतील जोखमीचा वाटा उचलणे हेही त्याच समाजाचे कर्तव्य आहे.