सूर्य मावळल्यानंतरची वीज

सौर आणि पवन वीज परवडते का, हा वाद वर्षानुवर्षे चालला. माझ्या मते तो आता निकाली निघाला आहे. 2010 नंतरच्या दशकात सौर पॅनेलच्या किमती जवळपास 90 टक्क्यांनी उतरल्या. 1882 साली लंडनमध्ये कोळशावरचे वीजकेंद्र सुरू करणाऱ्या ब्रिटनने 30 सप्टेंबर 2024 रोजी आपले शेवटचे कोळसा केंद्र बंद केले. भारताच्या स्थापित क्षमतेतही निम्मा वाटा आता कोळसा-वायूखेरीज इतर स्रोतांचा आहे. प्रत्यक्ष तयार होणारी वीज मात्र अजून मुख्यतः कोळशाचीच, कारण घरोघरी दिवे लागतात तेव्हाच सौर वीज थांबते. तेव्हा खरा प्रश्न साठवणुकीचा आहे.

त्याचे एक उत्तर सह्याद्रीत उभे आहे. घाटघरचा वरचा जलाशय अकोले तालुक्यात, तर खालचा कड्याच्या पायथ्याशी शहापूर तालुक्यात. मागणी कमी असताना पाणी वर चढवायचे आणि संध्याकाळचा भार वाढला की टर्बाइनवर सोडायचे, असा हा 250 मेगावॉटचा प्रकल्प. पूर्वी हे पाणी रात्रीच्या विजेवर चढवण्याचा हिशेब असे. यापुढे ते काम दुपारच्या उन्हाने करावे. यात सुमारे पाव हिस्सा वीज खर्ची पडते, हा आक्षेप खरा आहे. पण भर दुपारी उठाव नाही म्हणून सौर प्रकल्प थांबवावा लागला, तर ती सगळीच वीज बुडते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. असे प्रकल्प वाढले तर घाटातली जंगले आणि वस्त्या पुन्हा पाण्याखाली जातील. कोयनेने राज्याला 1960 मेगावॉट दिले, पण तिथल्या धरणग्रस्तांचे पुनर्वसन पुढच्या पिढ्यांपर्यंत रेंगाळले. म्हणून आधी असलेले जलाशय वापरावेत, बॅटऱ्यांची जोड द्यावी आणि नवे बुडीत क्षेत्र शेवटचा पर्याय मानावा. कोळसा मागे पडेल तेव्हा चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रावर पोट असलेल्या कामगारांनाही वेळेवर पुनर्वसनाचा न्याय हवा. या परिषदेचे प्रतिनिधी म्हणून आपण ठराव लिहाल, तेव्हा प्रत्येक मेगावॉटच्या आकड्याशेजारी पुनर्वसनाची मुदतही लिहावी, ही यजमानांची आग्रहाची विनंती.