शाईच्या पिशवीवरचे दोन दिवे

शहापूर-बेळगावात गोवा, मालवणकडून माकूल येतं. साफ करताना आपण शाईची पिशवी काढून टाकतो. आपल्या किनाऱ्यावर नेहमी मिळणाऱ्या भारतीय माकलाच्या त्याच पिशवीवर दोन बारीक प्रकाश-अवयव असतात! उजेड मात्र माकलाचा नव्हे, तिथे वाढणाऱ्या जिवाणूंचा. खोल अरबी समुद्रातल्या जांभळ्या पाठीच्या माकलाला ही उसनवारी लागत नाही. त्याच्या पाठीत लंबगोल चमकता पट्टा असतो. ‘सिम्प्लेक्टिन’ नावाचं प्रथिन तिथे निळसर प्रकाश देतं. काही खोलपाण्यातली माकलं तर पोटाखालून वरच्या उजेडाइतकाच प्रकाश सोडतात. मग त्यांची सावली पुसली जाते, खालून शिकाऱ्याला ती दिसत नाहीत. लपण्यासाठी दिवा लावायचा, ही युक्ती मला सगळ्यांत भारी वाटते.