एकच गिऱ्हाईक



मुंबईहून नागपुराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, मलकापूर आणि नांदुरा यांच्या दरम्यान, वडनेर भोलजी हें बुलढाणा जिल्ह्यांतील एक गांव लागतें. सभोंवतीं पूर्णेच्या खोऱ्याची काळी जमीन, आणि त्या जमिनींत कापूस. आज मला बोलावयाचें आहे तें आजारपण, औषधोपचार आणि विमा यांच्या व्यवहारांत सरकारनें किती शिरावें याविषयीं. पण आरंभ मात्र या कापसापासूनच करतों. कारण या प्रश्नाचा अनुभव येथल्या शेतकऱ्यानें एकदां घेतलेला आहे.

1972 सालीं महाराष्ट्र सरकारनें कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली. हेतु निःसंशय चांगला होता. व्यापारी व दलाल यांच्या कचाट्यांतून शेतकऱ्यास सोडवावें, म्हणून राज्यांतील कापूस सरकारलाच आणि सरकार ठरवील त्याच भावानें विकावा, असा कायदा झाला. पुढें काय घडलें तें येथल्या वृद्धांस विचारावें. संकलन केंद्रांपुढें गाड्यांच्या रांगा लागल्या. पैसे हप्त्याहप्त्यानें हातीं पडले. आणि सरहद्दीपलीकडे बऱ्हाणपुराच्या बाजारांत भाव चढा असला, तर आपल्याच शेतांतला कापूस तेथें नेणें हा गुन्हा ठरला. दलाल गेला खरा, पण त्याच्या जागीं जें गिऱ्हाईक आलें, त्याला सोडून दुसऱ्याकडे जाण्याची सोय राहिली नाहीं. चालू शतकाच्या आरंभीं अखेर तो एकाधिकार सैल करावा लागला.

आतां रुग्णालयाकडे वळूं. 2012 सालीं आपल्या राज्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना निघाली. बुलढाण्यासह चौदा जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकरी कुटुंबांसही पुढें तींत घेण्यांत आलें. 2017 सालीं तिला महात्मा जोतिबा फुले यांचें नांव मिळालें; नंतर केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशीं ती जोडली गेली; आणि 2023 सालीं असा निर्णय झाला कीं, राज्यांतील सर्वच कुटुंबांस वर्षाला पांच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचें संरक्षण द्यावें. ज्या घरांतील कर्त्या माणसाच्या हृदयावरील शस्त्रक्रिया या योजनेमुळें झाली, त्या घरानें तिला दुवा दिला तर त्यांत नवल नाहीं.

माझा आक्षेप मदतीला नाहीं, मदतीच्या रीतीला आहे. कोणत्या उपचारास योजना लागू, याची यादी सरकार करतें. प्रत्येक उपचाराची ठोक रक्कम सरकार ठरवितें. कोणतें रुग्णालय योजनेंत घ्यावयाचें, हेंही सरकारच पाहतें; आणि आरंभीं ज्या कंपन्यांकडे विमा उतरविला, त्याही सरकारच्याच मालकीच्या. म्हणजे गिऱ्हाईक, दलाल, तराजू आणि तराजू तपासणारा, सारे एकच झाले. ठोक रक्कम खर्चास पुरेनाशी झाली किंवा ती हातीं येण्यास विलंब लागला, तर रुग्णालयाला पुढें कोणत्या वाटा उरतात? योजनेंतून बाहेर पडावें, कामाचा कस उतरवावा, किंवा रोग्याच्या आप्तांकडून या ना त्या नांवाखालीं वर पैसे मागावे. तिन्ही वाटांवर भोगणारा रोगीच. आणि त्याला तक्रारीचें तोंड नाहीं, कारण पैसे त्याचे नव्हेत. वस्तुतः ते त्याचेच असतात. रोजच्या खरेदींत कोठें ना कोठें त्यानें कर भरलेलाच असतो. परंतु एकदां ते तिजोरींतून फिरून आले, म्हणजे देणाराच याचक होतो.

हिशेबाची काळजीही मग कोणी घेत नाहीं. भारताच्या महालेखापरीक्षकांनीं 2023 च्या अहवालांत दाखविलें कीं, आयुष्मान भारत योजनेंत 7,49,820 लाभार्थ्यांची नोंद एकाच मोबाईल क्रमांकावर झालेली होती. स्वतःचा पैसा घालणारा मनुष्य अशी वही एक दिवसही चालूं देणार नाहीं.

यावर कोणी म्हणेल, खाजगी विमा कंपन्यांनीं तरी कोठें पुण्य जोडलें? प्रश्न रास्त आहे. 1913 सालीं साताऱ्यास अण्णासाहेब चिरमुले यांनीं काढलेल्या वेस्टर्न इंडियासारख्या कंपन्या होत्या, तशा लोकांचा पैसा गिळणाऱ्याही होत्या. म्हणूनच 19 जानेवारी 1956 रोजीं अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनीं आकाशवाणीवरून आयुर्विम्याचें राष्ट्रीयीकरण जाहीर केलें. पण पुढच्याच वर्षीं त्या सरकारी महामंडळाचे सुमारें सव्वा कोटि रुपये मुंदडा नांवाच्या उद्योगपतीच्या कंपन्यांत गुंतविले गेले. न्यायमूर्ति छागला यांनीं उघड चौकशी केली आणि 1958 सालीं अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांस पद सोडावें लागलें. मालक बदलल्यानें लोभ नाहींसा होत नाहीं. गिऱ्हाइकास दुसऱ्या दुकानीं जातां येतें कीं नाहीं, एवढ्यावरच त्याचें रक्षण अवलंबून असतें. आणि विम्यांत ती मोकळीक परत येण्यास 2000 साल उजाडावें लागलें.

दुसरी शंका अधिक कठीण आहे. छातींत कळ आलेला मनुष्य काय भाव करीत बसणार? मुळींच नाहीं. म्हणूनच निवड आजारापूर्वीं, विमा घेतांना झाली पाहिजे. सरकारनें गरीब कुटुंबाच्या विम्याचा हप्ता अवश्य द्यावा. पण तो कुटुंबाच्या नांवानें द्यावा, आणि कंपनी कुटुंबानें निवडावी. यंदां फसलें तर पुढच्या वर्षीं तें दुसरी निवडील. स्वतःच्या कमाईनें विमा घेणाऱ्यास तर सरकारनें अडवूं नये. वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावर 18 टक्के कर होता. तो काढावा म्हणून 2024 सालीं खुद्द केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनीं अर्थमंत्र्यांस पत्र लिहिलें, आणि सप्टेंबर 2025 मध्यें तो उठला.

मग सरकारला काम उरलें नाहीं काय? पुष्कळ उरलें. रुग्णालयांस दर उघड लावावयास सांगावें, लबाडी करणाऱ्यास शासन करावें. आणि ज्या कामांत बाजार उपयोगी पडत नाहीं, तें आधीं करावें. याच पूर्णेच्या खोऱ्यांत खारपाणपट्टा आहे. संग्रामपूर, जळगांव जामोद या भागांत मूत्रपिंडाच्या विकाराची कहाणी वर्षानुवर्षें ऐकूं येते, आणि पिण्याच्या खाऱ्या पाण्याकडे लोक बोट दाखवितात. तेथें सरकारनें प्रथम गोडें पाणी पोंचवावें. रक्तशुद्धीच्या यंत्राचें बिल चुकविण्याची पाळी त्यानंतरची.

वडनेरच्या शेतकऱ्यास आपला कापूस कोठें विकावा हें आज स्वतः ठरवितां येतें. आपलें दुखणें कोणाच्या हातीं सोंपवावें, हें ठरविण्याइतकाही तो शहाणा आहे. त्याच्यावर एवढा विश्वास ठेवावा, इतकीच माझी विनंति आहे.