कुरणातली शाळा

कोकण म्हटलं की आपल्या रत्नागिरीकरांच्या डोळ्यांपुढे बाणकोटच्या खाडीपासून तेरेखोलपर्यंतचा मुलूख उभा राहतो. मुंबईच्याही पलीकडे, उत्तरेला, डहाणू-तलासरीकडे कोकणच आहे, हे आपण भूगोलाच्या तासाला सांगतो आणि विसरून जातो. आज मला त्या उत्तर कोकणातली एक हकिकत सांगायची आहे. ऐकणाऱ्यांत शिक्षक मंडळी असतील, त्यांना ती आपल्याच वाडीवरची वाटेल.

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. त्या वेळी त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी माँटेसोरी पद्धतीचं काम केलं होतं. पण ती पद्धत खर्चाची. ते लाकडी मनोरे, ते ठोकळे खेड्यात कोण आणणार? तेव्हा बाईंनी शिंपले, चिंचोके, पानं, खडे आणि माती हीच साधनं केली. जोडीला अनुताई वाघ आल्या. मोरगावच्या जन्माच्या, बालपणीच विधवा झालेल्या आणि त्यानंतर शिकलेल्या. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, म्हणून 'अंगणवाडी'. सरकारची अंगणवाडी योजना १९७५ सालची; शब्द त्याच्या किती तरी आधीचा.

१९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथं वारल्यांची वस्ती. आणि तिथं निराळीच अडचण उभी राहिली. अंगण होतं, पण अंगणात मूल नव्हतं. मुलगा गुरांमागं रानात, मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरी अडकलेली. मग तान्ह्यांसाठी पाळणाघर, त्यांच्यावरच्यांसाठी बालवाडी आणि मोठ्यांसाठी प्राथमिक शाळा, अशी सगळी एकाच आवारात आणली. तिला नाव दिलं 'विकासवाडी'. ताईचं भावंड पाळणाघरात निजलं की ताई वर्गात बसायला मोकळी! आणि गुराख्यांसाठी? शिक्षक स्वतःच कुरणात गेले. ती कुरणशाळा.

या कुरणशाळेचा मी पुष्कळ विचार केलेला आहे. चार भिंतींच्या वर्गात मास्तर घरचा असतो आणि मूल पाहुणं. कुरणात हे उलटं होतं. तिथं पोराला वाट ठाऊक, पाणी ठाऊक, कुठल्या झाडाखाली बसू नये तेही ठाऊक. मास्तरच नवखा. नवख्याला विचारावं लागतं, आणि विचारलं की ओळख होते. गोष्ट सांगायची तर आधी गोष्ट ऐकायची तयारी लागते. वारल्यांकडं गोष्टींना काय तोटा? त्यांचे भगत घांगळीवर कणसरीची कथा गातात. कणसरी म्हणजे धान्याची देवी.

आणि रानाची विद्या? पावसाच्या तोंडाला तिकडे शेवळं उगवतात. ती नुसती शिजवून खाल तर घसा खाजून जीव नकोसा होईल. म्हणून त्यात काकडं घालतात, एका रानझाडाची आंबट फळं. दोन्ही एकाच सुमारास मिळतात. आपल्याकडचे कडू करांदे राखेच्या पाण्यात उकडतात, ही त्याच जातीची विद्या. कुणी कधी चव घेऊन, घसा पोळून घेऊन ती शोधली असेल, त्याचं नाव कुठल्याच पुस्तकात नाही.

आता माझी गोष्ट. सांगायला थोडी लाज वाटते. कॉलेजात येण्यापूर्वी मी एका खेड्यातल्या शाळेत शिकवीत होतो. वर्गात एक कातकऱ्याचा मुलगा होता. वर्गात तोंड उघडत नसे. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि हा चार दिवस बेपत्ता. पाचव्या दिवशी मी त्याला उभं केलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "कुठे होतात, महाराज?" तो म्हणाला, "चढणीच्या माशांना." वर्ग हसला. मीही हसलो.

पुढच्या रविवारी तोच माझ्या दारात आला. "गुरुजी, येता काय?" म्हणाला. मी छत्री घेऊन निघालो. छत्री पाहून तो हसला, पण बोलला नाही. ओढ्याकाठी मात्र त्याचं तोंड सुरू झालं. पाणी तांबडं झालं की मासा वर चढतो. अंडी घालायला तो शेताच्या उथळ पाण्यात येतो. पाऊस सरता सरता पुन्हा खाली उतरतो. टोपली कुठल्या अंगानं लावायची, हेही त्यानं मला हाताला धरून दाखवलं. विज्ञानाच्या पुस्तकात माशाचा धडा होता, तो मी वर्षानुवर्षं शिकवीत होतो. या पोराला चाचणीत त्याच धड्यावर शून्य मिळालं होतं आणि ते शून्य माझ्याच हातचं.

आमची मैत्री पावसाळाभर टिकली. दिवाळीनंतर त्याचे आईबाप कोळशाच्या भट्टीवर गेले, तोही गेला. मी हजेरीपटावर त्याच्या नावापुढं रेघ मारली. भट्टी कुठल्या गावी आहे, हे विचारण्याचंही मला सुचलं नाही. कोसबाडच्या त्या बायांना सुचलं असतं.

न बोलणाऱ्या मुलाला आपण फार लवकर मठ्ठ ठरवतो. डहाणूकडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे लहानपणी आई गेल्यावर बोलायचेच बंद झाले होते आणि धुळीत रेघोट्या काढून मनातलं सांगत, अशी त्यांची हकिकत सांगतात. पुढं १९७० नंतर भास्कर कुलकर्णी त्या भागात कागद आणि रंग घेऊन गेले आणि त्यांनी हा हात ओळखला. दोघांची मैत्री जमली. त्या धुळीतल्या रेघांचं पुढं काय झालं, ते जगानं पाहिलं. २०११ साली म्हसे यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते वारले.

शिक्षक बंधुभगिनींनो, येत्या जूनमध्ये शाळा उघडल्यावर एक कोरी वही वर्गात ठेवून पाहा. मुलांनी रोज एक पान, मासा, किडा किंवा कंद आणायचा, नाव सांगायचं आणि घरच्या म्हाताऱ्यांकडून त्याची गोष्ट विचारून यायचं. लिहून घ्यायचं काम मास्तरांचं. कातकरवाडी, धनगरवाडी, भोयांची वाडी, जिथली मुलं असतील तिथली नावं, त्यांच्याच उच्चारात. शुद्धलेखन तपासू नका. मी कॉलेजात अशी वही सुरू केली आहे. तिच्यातली निम्मी नावं मला अजून ओळखता येत नाहीत.