गाळ, गारगोटी आणि टर्बाइनचे पाते

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आपण पाहिलीच असेल. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी बंद नळांतून आणायचे, उंचावरून चाकाच्या पात्यांवर सोडायचे आणि त्या फिरकीवर जाते चालवायचे, एवढाच तिचा कारभार. जलविद्युत केंद्रातले टर्बाइन म्हणजे याच चाकाचा थोरला वंशज. फरक असा की पाणचक्कीला झऱ्याचे नितळ पाणी मिळाले. वीजगृहाला मात्र नदी जे देईल ते घ्यावे लागते, आणि पावसाळ्यात नदी पाण्याबरोबर अर्धा डोंगर घेऊन येते.

हा गाळ टर्बाइनचे काय करतो, ते मी हिमाचलातल्या एका वीजगृहात जवळून पाहिले. दुरुस्तीसाठी बाहेर काढलेला रनर, म्हणजे टर्बाइनचे फिरते चाक, समोर होता. पोलादी पात्याची कड पत्र्यासारखी पातळ झालेली आणि पृष्ठभागावर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी उठलेली. हात फिरवला तर कानशीवरून फिरवल्यासारखे वाटावे. ते पोलाद साधेसुधे नव्हते. क्रोमियम आणि निकेल घालून मुद्दाम टणक केलेले होते. तरी त्याची ही गत.

कारण आहे गारगोटी. खनिजांचा कठीणपणा मोजण्याची मोज नावाची एक मोजपट्टी आहे. तिच्यावर हिऱ्याला १० गुण आणि गारगोटीला ७. रनरचे पोलाद गारगोटीपेक्षा मऊच ठरते. हिमालयातल्या नद्यांच्या वाळूत गारगोटीचे कण भरपूर, शिवाय डोंगरातून नुकतेच सुटल्यामुळे ते धारदार. त्यात वेगाची भर. झिजेचा हिशेब ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात धरतात. वेग दुप्पट झाला की झीज दुप्पट नव्हे, आठपट! चारशे मीटर उंचीवरून येणारे पाणी, घर्षण सोडून दिले तर, सेकंदाला नव्वद मीटरच्या घरात वेग घेऊ शकते.

झीज झाली म्हणजे वीज कमी का होते? नवे मोठे टर्बाइन पाण्यातल्या शक्तीपैकी ९० टक्क्यांहून अधिक शक्ती फिरकीत उतरवते. त्यासाठी पात्यांचा आकार अगदी नेमका राखलेला असतो. तो बिघडला की पाणी पात्यावरून सरळ वाहत नाही, भोवरे करते. दुसरे, फिरता भाग आणि स्थिर भाग यांच्यामधली फट अगदी बारीक ठेवलेली असते. वाळूने ती रुंद केली की पाणी पात्यांना न भेटताच पळ काढते. सतलजवरच्या नाथपा झाकडी केंद्रात २५० मेगावॉटची सहा यंत्रे आहेत. समजा, तिथल्या एका यंत्राची पाच टक्के शक्ती झिजेत गेली, तर साडेबारा मेगावॉट गेले. आपल्या जायकवाडीचे वीजगृह सगळे मिळून १२ मेगावॉटचे!

याच नाथपा झाकडीत पाणी बोगद्यात शिरण्याआधी गाळ बसवण्यासाठी डोंगराच्या पोटात चार टाक्या खोदल्या आहेत, प्रत्येकी अर्ध्या किलोमीटरहून लांब. गढूळ पाणी हंड्यात निवळत ठेवावे, तोच प्रकार. मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाहून मोठे कण तिथे खाली बसावेत अशी योजना आहे. त्याहून बारीक कण पुढे जातातच. पाण्यात गाळ फारच वाढला की यंत्रे बंद ठेवतात. इथे अभियंत्याची खरी कसोटी लागते. नदी दुथडी भरून वाहते आहे, विजेला मागणी आहे, आणि यंत्र बंद करायचे! चालू ठेवावे तर आज मिळालेली वीज उद्या दुरुस्तीत फेडावी लागणार. माझे मत विचाराल तर बंद करणाऱ्याच्या बाजूने आहे. पात्यांवर टंगस्टन कार्बाइडचा कठीण लेप देतात, त्याने आयुष्य वाढते. पण लेपही शेवटी झिजतोच.

आता आपल्याकडे या. सह्याद्रीच्या पायथ्याशी खोपोलीला १९१५ पासून वीज तयार होते. तिथेही पाणी पाचशे मीटरच्या आसपास खाली उतरते, म्हणजे वेग हिमालयाच्या तोडीचा. पण ते येते घाटमाथ्यावरच्या तलावांत निवळून. शिवाय आपला खडक काळा पाषाण, बेसाल्ट. तो झिजला की त्याची होते काळी माती, पिठासारखी मऊ. वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवर चमकते स्फटिक विकायला असतात, त्यांत गारगोटी असते खरी. पण ती खडकातल्या पोकळ्यांपुरती.

पैठणच्या नाथसागराचेही तेच. वीजगृहाला पाण्याची उंची थोडी मिळते, त्यामुळे वेगही बेताचा. तिथले टर्बाइन उलटेही फिरते, म्हणजे खालचे पाणी पुन्हा धरणात चढवू शकते. आणि धरण स्वतःच एक अवाढव्य गाळाची टाकी आहे. गोदावरी नाशिक-अहिल्यानगरकडून जी माती आणते, ती वीजगृहापर्यंत पोचण्याआधी बहुतेक खाली बसते. पाते वाचते.

पण माती जाते कुठे? १९७६ साली उद्‌घाटन झालेल्या या धरणाची एकूण साठवण सुमारे १०२ टीएमसी, त्यातले सुमारे २६ टीएमसी मृतसाठा. गाळाला जागा म्हणूनच मृतसाठा ठेवतात. अडचण ही की गाळ काही आखून दिलेल्या जागी बसत नाही. नदी धरणात शिरते तिथे, वरच्या बाजूलाच, बराचसा अडकतो आणि वापराच्या पाण्याची जागा खातो. हिमालयात गाळ पोलाद खातो, आपल्याकडे पाणी खातो. मराठवाड्याला यातले दुसरे अधिक महाग पडते. पाते बदलता येते. एवढ्या धरणातला गाळ काढायचा तर तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीनेच. दुष्काळात नाथसागराचे पात्र उघडे पडते, तेव्हा शेतकरी तो स्वखर्चाने शेतात नेऊन टाकतात, आणि २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या नावाने राज्य शासनाची योजनाही आहे. ती कामे उन्हाळ्यातच होतात, पहिला पाऊस पडेपर्यंत.