पुन्हा उगवणारी गाठ
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



नाट्यसंगीत आणि संतवाङ्मय यांच्या पंक्तीला कर्करोगाचे पान मांडण्याचे धाडस आपल्या चिटणीसांनी केले, याबद्दल त्यांचे आभार मानावे की त्यांना सहानुभूती दाखवावी, हे मला अद्याप ठरविता आलेले नाही. त्यातून रोगही दुर्मिळ. अमेरिकेतील नोंदींनुसार दर दहा लाख लोकांत वर्षाला सुमारे चार जणांना तो होतो. तरीही मी हाच विषय निवडला. या रोगाचे भवितव्य बहुतांशी पहिल्याच शस्त्रक्रियेत ठरते, आणि ती शस्त्रक्रिया पुष्कळदा रोगाचे नावही कोणाला ठाऊक नसताना, एखाद्या लहानशा दवाखान्यात अर्ध्या तासात उरकली जाते.

रोगाचे नाव डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्युबरन्स. उच्चारताना जिभेची परीक्षा होते, म्हणून डॉक्टर मंडळी त्याला डीएफएसपी म्हणतात. पॅरिसचे त्वचारोगतज्ज्ञ डॅरिए व त्यांचे सहकारी फेराँ यांनी १९२४ साली त्याचे वर्णन केले, तेव्हा त्यांनी दिलेल्या नावातच ‘वाढत जाणारा व पुन्हा पुन्हा उद्भवणारा’ असे शब्द होते. आजचे नाव हॉफमान यांनी पुढल्याच वर्षी दिले आणि ते शब्द गळाले. मला तरी जुने नाव अधिक प्रामाणिक वाटते.

ही गाठ त्वचेच्या आतल्या थरात उत्पन्न होते. बहुधा पाठ, छाती, पोट किंवा खांद्यावर, विशी ते पन्नाशीच्या वयात. आरंभी ती नाण्याएवढा घट्ट चट्टा असतो, तांबूस, जांभळट किंवा कातडीच्याच रंगाचा. दुखत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षे कोणी लक्ष देत नाही. कोणी तिला चरबीची गाठ म्हणते, कोणी जुन्या जखमेचा वाढलेला व्रण. घरोघरी लेप होतात, क्वचित बिब्बाही लागतो. गरोदरपणात ती झपाट्याने वाढल्याची उदाहरणे आहेत. त्या काळातील अशी वाढ ‘होते असे कधीकधी’ म्हणून सोडून देऊ नये.

ती परत का येते, हे समजावयास हरळी आठवावी. वरचे गवत कितीही खुडले तरी जमिनीखाली धावलेल्या मुळ्या शाबूत राहतात. या गाठीच्याही पेशी दिसणाऱ्या कडेच्या पुष्कळ पलीकडे, चरबीच्या थरातून बोटांसारख्या पसरलेल्या असतात. गाठ तेवढी सोलून काढली की मुळ्या आत राहतात. अरुंद काठाने काढलेल्या गाठींपैकी निम्म्याच्या आसपास पुन्हा उगवल्याच्या जुन्या नोंदी आहेत. रक्तावाटे दूर पसरण्याची हिची खोड मात्र फार कमी, शंभरात पाचांहूनही कमी. म्हणूनच हा बरा होण्याजोगा कर्करोग आहे. परंतु प्रत्येक पुनरागमनात ती अधिक खोल, स्नायूपर्यंत उतरू शकते, आणि काही गाठींत पेशींचे रूप पालटून त्या उग्र होतात. मग फुप्फुसांची काळजी करावी लागते.

माझ्याकडे आलेले एक गृहस्थ रेल्वेच्या नोकरीत होते. खांद्यामागची गाठ एका गावी ‘चरबीची’ म्हणून काढली गेली आणि काढलेला तुकडा तपासणीला न जाता फेकला गेला. दोन वर्षांनी, बदलीच्या दुसऱ्या गावी, ती पुन्हा काढली. तपासणी झाली, पण अहवाल सामान हलविताना गहाळ झाला. तिसऱ्यांदा ते आमच्याकडे आले तेव्हा तळहाताएवढा भाग स्नायूच्या आवरणासह काढावा लागला आणि मांडीची कातडी तेथे बसवावी लागली. हात बचावला. पहिल्याच वेळी तुकडा तपासला असता तर बरेच थोडक्यात भागले असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून शरीरातून काढलेली प्रत्येक गाठ विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेलीच पाहिजे, असा आग्रह घरच्या माणसांनी धरावा. संशय असेल तर आधी लहानसा तुकडा काढून निदान करावे व मगच शस्त्रक्रिया आखावी. तीत साधारणपणे दोन ते चार सेंटिमीटर निरोगी काठ, खाली स्नायूच्या आवरणापर्यंत, काढतात. दुसरी रीत अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या फ्रेडरिक मोज यांनी १९३० नंतरच्या दशकात घडविलेली. थर काढावयाचा, त्याचा संपूर्ण काठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचा आणि जेथे मुळी दिसेल तेथेच पुढचा थर काढावयाचा. चेहरा वा डोके यांसारख्या जागी, जेथे कातडी तोलूनमापून वापरावी लागते, तेथे ही रीत विशेष उपयोगी. ती सर्वत्र उपलब्ध नाही. तेथे काठांचा अहवाल येईपर्यंत जखम काही दिवस न शिवता ठेवतात. आप्तांना उघडी जखम पाहून भीती वाटते, पण घाईने झाकलेल्या जखमेपेक्षा ती पत्करली.

सतराव्या व बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे परस्परांत अदलाबदल होऊन पेशींना वाढीचा अखंड हुकूम मिळतो, हे या रोगाचे मूळ. तो हुकूम अडविणारी इमॅटिनिब नावाची गोळी २००६ पासून अमेरिकेत या रोगासाठीही मान्य झाली. शस्त्रक्रिया अशक्य असेल तेव्हा, किंवा गाठ आधी लहान करण्यासाठी ती देतात. हिच्याच पेटंटवरील खटल्याचा निकाल आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी दिला. मूळ कंपनीचे अपील फेटाळले गेले आणि भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी रुग्णांना मिळत राहिली. ज्या रुग्णात ती अदलाबदल नाही, त्याला मात्र या गोळीचा फारसा उपयोग नाही.

आता आपल्यासारख्या बदलीच्या नोकरीतल्या कुटुंबांसाठी थोडे. अहवाल जपून ठेवतो म्हणणारेही एक गोष्ट विसरतात, ती म्हणजे मेणाचा ठोकळा. तपासलेला तुकडा पॅराफिनमध्ये बसवून प्रयोगशाळा तो काही वर्षे ठेवते. गाव सोडण्यापूर्वी तो ठोकळा व काचपट्ट्या रीतसर अर्ज करून मागून घ्याव्या. नव्या तज्ज्ञाला त्यावरून जुने निदान पडताळता येते. उन्हाळ्यात ठोकळा सामानाच्या ट्रकमध्ये टाकू नये, मेण वितळते.

कर्करोग म्हटला की आपली माणसे तडक परळचे तिकीट काढतात. १९४१ साली सुरू झालेल्या टाटा रुग्णालयावरील तो विश्वास सार्थ आहे. परंतु २०१२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यात देशभरची रुग्णालये आहेत, आणि वाराणसी, गुवाहाटी, विशाखापट्टणम येथे टाटांचीच केंद्रे आहेत. सल्ला मुंबईचा घ्यावा हवा तर, पण दर सहा महिन्यांची तपासणी जेथे राहतो तेथेच व्हावी. हजार मैलांवरची तपासणी दोनदा होते आणि तिसऱ्यांदा टळते. बहुतेक गाठी पहिल्या तीन वर्षांत परततात, काही दहा वर्षांनंतरही. पाठीवरचा व्रण स्वतःला दिसत नाही. महिन्यातून एकदा न्हाणीच्या वेळी घरच्या कोणीतरी त्यावरून बोट फिरवावे, आणि कडेला कठीण कण लागला तर तारीख लिहून ठेवावी.

माझा वेळ संपला आहे. ज्यांनी कागद वा काचपट्ट्या बरोबर आणल्या असतील, त्यांनी कार्यक्रमानंतर वाचनालयाच्या खोलीत यावे. मी तेथे नऊपर्यंत थांबणार आहे.