मैत्रिणीच्या फोटोबद्दल काय बोलावं?

दर्यापूर तालुक्यातल्या एका बचत गटाकडून आम्ही बोलत आहोत. आमच्यातल्या कितीकींचं माहेर अकोल्याकडचं, अकोट-मूर्तिजापूरचं. सासर मात्र सगळ्यांचं इथलंच, खारपाणपट्ट्यातलं. दोन वर्षांपासून आमचा एक नेम आहे. महिन्याची बचत जमा झाली, वहीवर सह्या झाल्या की आम्ही अर्धा तास जास्तीचा बसतो आणि एकमेकींनी काढलेले फोटो पाहतो.

आमच्यापैकी पुष्कळजणींच्या हाती फोन आला तो कामासाठी. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. सातबाऱ्यावर पीक नोंदवायला शेतात उभं राहून फोटो काढणं आलं. घरच्या माणसाला वेळ नसला की "तूच काढून आण" असं व्हायचं. मग पिकाचा काढता काढता धुऱ्यावरच्या पळसाचा काढला, लेकराचा काढला, वेचणीच्या बायांचा काढला. फोटो काढणं जमू लागलं. दुसरीच्या फोटोवर बोलणं मात्र आम्हाला जमत नव्हतं, आणि त्याची किंमत आमच्यातल्या एकीला मोजावी लागली.

पहिल्याच वर्षीची गोष्ट. एका वयनींनी आपल्या सासूबाईंचा फोटो आणला. म्हातारी दारात बसून कवडी कापूस निवडत होती, मागून उन्हाचा लोट येत होता. फोन हातोहात फिरला आणि आमच्यातली एक पटकन बोलून गेली, "चेहरा तं काळा ठिक्कर दिसून राह्यला वो." दुसऱ्या हसल्या. वयनी म्हणाल्या, "बुढी काळीच आहे माही, काय करू?" आणि फोन ओटीत ठेवून दिला. आम्ही म्हटलं होतं उजेडाबद्दल, त्यांना लागलं ते सासूच्या रंगाबद्दल. त्या रात्री त्यांनी तो फोटो पुसून टाकला. उन्हाळ्यात सासूबाई गेल्या. तेराव्याला भिंतीवर लावायला फोटो शोधला तर आधार कार्डावरचाच निघाला.

त्यानंतर आम्ही इतक्या घाबरलो की दोन-तीन बैठका कोणी काही बोललंच नाही. "छान आहे", "मस्त आला", झालं. आमच्यातल्या एका काकूंनी मग सरळच विचारलं, "छान आहे तं काय छान आहे, ते तं सांगा. मले पुढच्या वेळी काय करू ते समजलं पाह्यजे." खरंच होतं. नुसतं छान म्हणणं म्हणजे पाहुण्याला दारातूनच चहा झाला का विचारण्यासारखं. त्यात मन दुखत नाही, पण पदरातही काही पडत नाही.

त्याच सुमारास गटाला शिकवायला येणाऱ्या एका ताईंनी चीनमधली हकीकत सांगितली. १९९२ साली तिथल्या युन्नान प्रांतात खेड्यातल्या ६२ बायकांच्या हाती कॅमेरे दिले होते. कॅरोलिन वांग नावाच्या बाई त्या कामात होत्या. बायकांनी आपापल्या गावचे फोटो काढले आणि मग एकत्र बसून त्यांवर बोलल्या. फोटोत काय दिसतं? तिथं खरं काय चाललं आहे? आपल्या जगण्याशी त्याचा काय संबंध? अशा प्रश्नांवरून बोलणं व्हायचं. एका फोटोत आई मक्यात निंदत होती आणि बाळ शेताच्या कडेला एकटंच पडलेलं होतं. त्या फोटोवरून लेकरं सांभाळायच्या सोयीचा विषय निघाला. आपल्याकडे निंदायला जाणाऱ्या कोणत्या बाईला तो फोटो समजावून सांगावा लागेल?

ते ऐकून आम्ही आमची रीत बसवली. फोटो आणणारीने आधी गप्प बसायचं. दोघीतिघींनी फक्त काय दिसतं ते सांगायचं. चांगलं-वाईट नाही, फक्त दिसतं ते. हे वाटतं तितकं सोपं नाही. "सूप दिसतं, हात दिसतात, मागं कोणीतरी उभं आहे." पुष्कळदा फोटो काढणारीच म्हणते, "अगं बाई, मागं कोणी होतं? मले तं दिसलंच नाही." अर्धं काम तिथंच होतं. मग तिला विचारायचं, कशासाठी काढला? विकायच्या पापडाचा फोटो आणि आठवणीचा फोटो एका मापानं मोजून चालत नाही. पापडाच्या फोटोत पापडच पाहिजे, मागचं धुणं नको. आठवणीच्या फोटोत धुणं राहिलं तर बिघडत नाही. आमच्या मते तर ते असावंच.

शेवटी सुधारणा सांगायची ती एकच, आणि हातानं करता येईल अशी. "अंधार आला" म्हणू नका. "बाईला दाराकडे तोंड करून बसव, तुझी पाठ उजेडाकडे ठेव" म्हणा. पांढराफेक कापूस दुपारच्या उन्हात नुसता चुन्यासारखा येत असेल तर फोनवर कापसावरच बोट टेकव, म्हणजे उजेड उतरतो, नाहीतर सकाळी काढ. आणि आमचे कितीतरी धुरकट फोटो कॅमेऱ्यामुळे नाही, चुलीपाशी लागलेल्या तेलकट बोटांमुळे धुरकट येत होते. कोरड्या मऊ फडक्यानं काच पुसली की काम झालं. हे कळायला आम्हाला सहा महिने लागले, हसू नका.

आमचंही चुकतं. एकीनं कापसाचं गाठोडं डोक्यावर घेतलेल्या बाईचा पाठमोरा फोटो आणला होता. आम्ही रीत विसरून एका सुरात म्हटलं, "तोंड तं दाखवाचं होतं." ती म्हणाली, "तिनंच म्हटलं, फोटो काढ पण तोंड नको येऊ देऊ." पुढं काय बोलणार? तेव्हापासून "काहून असा काढला?" हे विचारल्याशिवाय कोणी चूक काढत नाही.

आणखी एक. फोटो दाखवताना तो कोणी काढला ते नाव घेऊन सांगतो, फोन नवऱ्याचा असला तरी. होमाई व्यारावाला या आपल्या देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांना २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं. पण मुंबईत सुरुवातीला त्यांनी काढलेले फोटो नवऱ्याच्या नावानं छापले जात. आपल्या बैठकीत तरी तसं नको.

त्या वयनी वर्षभर बैठकीला आल्या, पण फोन बाहेर काढला नाही. आम्ही माफी मागितली तेव्हा "जाऊ द्या वो" म्हणाल्या. मागच्या महिन्यात त्यांनी आपणहून फोन पुढे केला. त्याच दारात त्यांची लेक तुरीच्या शेंगा सोलत बसलेली, तोंड उजेडाकडे. आम्ही दिसलं ते सांगितलं: शेंगांचा ढीग, लेकीचं खाली गेलेलं लक्ष, उंबऱ्यावरची चप्पल. मग एक काकू दबकत म्हणाल्या, "डोक्यावरून थोडी जागा सोडली असती तं..."

वयनींनी फोटोकडे पाहिलं, मग ओसरीबाहेर. पाच वाजले होते, ऊन अजून अंगणात होतं. "पोरगी घरीच आहे, आलीच मी," म्हणाल्या आणि चहा तसाच ठेवून निघाल्या.